लग्नाचे फोटो बदलत नाहीत

मंडळाची साइट फास्ट झाली म्हणून शाल-नारळ मिळाला तो इंद्रजीतला. साइट फास्ट केली होती वर्षाराणीने. सत्कार चालू असताना ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती आणि शेजारची बाई तिला कोपराने ढोसून सांगत होती, "अण्णांचा मुलगा किती हुशार निघाला, नाही?"

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही का टाळ्या वाजवल्या?"

"सगळे वाजवत होते," बन्सी म्हणाला. "तूपण वाजवत होतीस."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ती त्याच्याशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत बोलली नाही.

वर्षाराणी बिरारी लग्न होऊन शिरपूरहून बोईसरला आली. बन्सी इथल्या एमआयडीसीत सूत रंगवण्याच्या कारखान्यात आहे, शिफ्टमध्ये. ती इथल्याच चित्रालय भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लास बंद पडला, मालक वापीला गेला, तेव्हा तिने जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि लोकांना वेबसाइट करून द्यायला लागली. एक ड्रायव्हिंग स्कूल, एक दातांचा दवाखाना, पालघरची एक रोपवाटिका. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला निवडायची मेथी. गावाकडून कुणी आलं आणि विचारलं, की बन्सी अजूनही सांगतो, "ही? ही घरीच असते."

तिचा राग आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा, मीटिंगला घरटी एक पुरुष आला तरी पुरे, असं म्हटलं, तर ही घरातली खुर्ची घेऊन खाली उतरली आणि त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. टँकरवाला, केबलवाला, शाळेच्या बसवाला, सगळे तिला वचकून असतात. मात्र हा राग समाजाच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहायचा. समाज म्हणजे खानदेशातून कारखान्यांसाठी इकडे आलेली घरं. त्यांचं मंडळ, आणि मंडळाचे अध्यक्ष अण्णा खैरनार. अण्णांनी बन्सीला नोकरीला चिकटवलं होतं. त्यामुळे अण्णांसमोर वर्षाराणी पदर सारखा करायची आणि "हो अण्णा" म्हणायची. पदर नसला, ड्रेस असला, तरी तिचा हात खांद्याकडे जायचा.

मंडळाचं मुख्य काम म्हणजे वधू-वर परिचय मेळावा. पूर्वी त्याची जाडजूड पुस्तिका निघायची, तिच्यात मुलामुलींचे फोटो आणि माहिती. मग कुणीतरी म्हणालं, आता साइट हवी. ती वर्षाराणीने करून दिली, समाजाचं काम म्हणून, फुकट.

पहिल्याच मेळाव्यात साइटने मान टाकली. हॉलभर माणसं, सगळ्यांच्या हातात मोबाइल, आणि सगळ्यांनी एकदमच साइट उघडली. स्टेजवर मुलगी उभी राहून नाव सांगतेय, आणि खाली लोकांच्या स्क्रीनवर पांढरा चौकोन, त्यात गरगरणारं चाक. कुणाला मुलीचं नुसतं कपाळच दिसलं. अण्णा माइक बाजूला करून वर्षाराणीवर ओरडले, "एवढ्या लोकांत माझी शोभा केलीत!"

स्टुडिओवाल्यांनी दिलेले फोटो भिंतीएवढे मोठे होते आणि तिने ते तसेच चढवले होते. ती तिची चूक. शिवाय मंडळाने घेतलेला सर्व्हर स्वस्तातला, कुठेतरी परदेशात. बोईसरमध्ये कुणी फोटो उघडला की तो प्रत्येक वेळी तिथून निघायचा. मग तिने व्हिडिओ बघून बघून शिकून घेतलं. फोटो छोटे केले, प्रत्येकाचे लहानमोठे आकार करून ठेवले. सगळे क्लाउडवर नेले. आणि त्याच्यापुढे सीडीएन लावलं.

"ते काय असतं?" अण्णांनी विचारलं होतं.

"अण्णा, आपण पिण्याच्या पाण्याचा जार घेतो ना? प्रत्येक जारसाठी गाडी प्लांटवर गेली तर किती वेळ लागेल? म्हणून नाक्यावरचा दुकानदार जार भरून ठेवतो. आपण मागितला की लगेच. तसंच हे. फोटोच्या प्रती मुंबईत, नाशकात, जिथे जिथे त्या कंपनीची मशिनं आहेत तिथे भरून राहतात. बोईसरवाल्याला जवळची मिळते."

"मग ठेवा ना भरून. मला काय विचारता?"

त्या सीडीएनचं खातं अण्णांच्या सांगण्यावरून इंद्रजीतच्या नावाने निघालं, कारण कार्ड त्याचं होतं. नियम मात्र, त्याने तिच्या लॅपटॉपवर लॉगिन करून दिल्यावर, वर्षाराणीने घातले. कोणत्या वस्तूची प्रत किती काळ साठवायची ते तिथे सांगावं लागतं. लग्नाच्या मुलामुलींचे फोटो तिने एका दिवसाच्या मुदतीने ठेवले. स्थळ जमलं की ते काढायचे असतात. साइटवर 'जुळलेल्या गाठी' नावाचं एक पान होतं, मंडळातून जमलेल्या लग्नांच्या फोटोंचं. तिथे ती क्षणभर थांबली. लग्नाचे फोटो काय बदलणार आहेत? बदलत नाहीत. तिने ते पान आणि त्यातले फोटो वर्षाच्या मुदतीने ठेवले आणि कुकर लावायला उठली.

'जुळलेल्या गाठीं'तला पहिला फोटो होता प्रतीक्षाचा आणि सुजितचा. सुजित अण्णांचा सख्खा पुतण्या. साइटवरून जमलेलं हे पहिलं लग्न, म्हणून अण्णांनी तो सगळ्यात वर लावायला सांगितला. मेळाव्याच्या जाहिरातीबरोबर त्या पानाची लिंक समाजाच्या सगळ्या ग्रुपवर जायची. हिरवा शालू, मुंडावळ्या, प्रतीक्षा हसतेय, सुजितचा हात तिच्या खांद्यावर.

त्याच हाताने पुढे तिच्या कानाखाली इतक्या जोरात मारलं, की तिला एका कानाने कमी ऐकू यायला लागलं. ती वाणगावला आईकडे परत आली.

एका दुपारी ती ड्युटीवरून थेट वर्षाराणीच्या दारात उभी राहिली. औषधाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी. कपड्यांना तिथला वास. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "काकू, माझा फोटो काढा."

"अगं, मी अण्णांना विचारल्याशिवाय..."

"माझा आहे ना तो? मग अण्णांना कशाला?" तिने आवाज खाली आणला. "ह्या मेळाव्यात दिशा उभी राहणार आहे."

दिशा तिची धाकटी बहीण.

"ती स्टेजवर उभी राहून नाव सांगणार आणि खाली सगळ्यांच्या मोबाइलवर मी त्याच्याबरोबर हसत असणार. बघा, हिची बहीण आमच्याकडेच दिली, किती सुखात आहे. मेळाव्याच्या आधी तो फोटो जायला हवा, काकू. बाकी मला कुणाकडून काही नको."

वर्षाराणीने तिच्यासमोरच अण्णांना फोन लावला.

"असं कसं काढता?" अण्णा म्हणाले. "नवरा-बायकोत कुरबुरी होतातच. मुलगी रुसून आलीय माहेरी. उद्या मिटलं की परत लावायचा का? लोक काय म्हणतील, साइटचं पहिलंच लग्न मोडलं?"

"अण्णा, तिच्या कानाला..."

"तुम्ही साइट बघा, वर्षाताई. कान आम्ही बघू."

प्रतीक्षाला चांगल्या कानाने सगळं ऐकू आलं होतं. वर्षाराणी म्हणाली, "हो अण्णा." आणि फोन ठेवल्यावर तिने निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

शेवटी प्रतीक्षाची आई अण्णांच्या घरी जाऊन बसली. बोलली काही नाही, नुसती सोफ्यावर बसून राहिली. पाहुणे आले, चहा झाला, पाहुणे गेले, बाई उठेना. अण्णांच्या बायकोला आतबाहेर करायची चोरी झाली. तेव्हा अण्णांनी वर्षाराणीला फोन केला, "काढून टाका एकदाचा."

तिने तिथल्या तिथे काढला. क्लाउडवरून पुसला, पानावरूनही काढला. लॅपटॉपवर पान उघडून बघितलं, नव्हता. अण्णांनी त्यांच्या मोबाइलवर बघितलं, नव्हता. तिने प्रतीक्षाला कळवलं, "गेला बरं का."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाचा फोन आला. "काकू, आहे की अजून. लॅबमधल्या मेहुलच्या मोबाइलवर दिसतोय. तोच मला दाखवायला घेऊन आला, मॅडम फोटोत छान दिसता म्हणून."

"त्याच्याकडे जुना राहिला असेल. बंद करून चालू करायला सांग."

"केला. माझ्याकडेपण दिसतोय. आईकडे, दिशाकडे."

"अगं, मी स्वतः पुसलाय. माझ्यासमोर पान उघडं आहे आत्ता. नाहीये."

असं तीनचारदा झालं. मग अण्णांनी ग्रुपवर लिहिलं, "सदर फोटो मंडळाने काढलेला आहे. तरीही काही जणांना तो दिसतो. त्यांनी डोळे तपासून घ्यावेत." खाली हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, "आधी कान, आता डोळे." वर्षाराणीने ते वाचलं आणि तिला कळेना की ह्या माणसाला नाव घेऊन झापावं की गप्प बसावं. ती गप्प बसली. फोटो तर खरंच काढला होता.

त्या संध्याकाळी प्रतीक्षा पुन्हा आली, तेव्हा आतसुद्धा आली नाही.

"मला वाटलं होतं, तुम्ही तरी खोटं बोलणार नाही."

"प्रतीक्षा, माझी शपथ..."

"शपथ कशाला? त्यांनी सांगितलं, तुम्ही हो म्हणालात. मला गप्प करायला काढल्यासारखं केलंत. तुम्हीपण त्यांच्यातल्याच, काकू." आणि ती जिना उतरून गेली. हाक मारली तरी थांबली नाही. ऐकू आली नसेल किंवा आली असेल.

वर्षाराणी दार लावून आत आली तर बन्सी चहा पीत मोबाइल बघत होता.

"बघा, माझ्यावरच उलटली! फोटो काढला ते काढला, वर खोटारडी मीच!"

"पण दिसतो की," बन्सी म्हणाला.

"काय?"

"फोटो. अजून आहे. मला वाटलं, अण्णांनी परत लावायला सांगितला असेल."

तिने त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. हिरवा शालू. मुंडावळ्या. खांद्यावर हात.

"कधीपासून दिसतोय?"

"कधीपासून म्हणजे? आहेच."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुझी साइट आहे, तुला माहीत नसेल का?"

ह्या उत्तरावर तिला खूप सुचलं, पण आधी डोकं चालवायला हवं होतं. बन्सीच्या मोबाइलमध्ये जुनं साठून राहिलं असेल, अशी एक आशा होती. ज्या मोबाइलने ही साइट जन्मात उघडली नाही, असा मोबाइल हवा होता.

असा मोबाइल सकाळी दारात आला. रंभाबाई नवापूरहून मासळी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये येते. पाटी जिन्यात उतरवून बसली होती.

"रंभाबाई, तुमचा फोन द्या जरा."

"माजा? तुमचा बिघडला काय?" तिने कमरेची पिशवी उघडली. "घ्या. पन माज्या नातवाचा व्हिडिओ पुसू नका हां."

वर्षाराणीने त्या पानाचा पत्ता टाईप केला. बोट उचलायच्या आत पान उघडलं. सगळ्यात वर प्रतीक्षा आणि सुजित. चाक नाही, पांढरा चौकोन नाही, एका झटक्यात. किती फास्ट!

"कोन ही पोर? चांगली हाय," रंभाबाई म्हणाली. "तुमच्यातली काय?"

"हो."

"नवरा कसा हाय?"

"मारतो."

रंभाबाईने फोटोकडे पुन्हा बघितलं. "मग ह्यो फोटू कशाला ठेवलाय दावायला?"

वर्षाराणी लॅपटॉपपाशी येऊन बसली आणि तिला हळूहळू सगळं दिसायला लागलं. प्लांट बंद झाला होता; नाक्यावरचा दुकानदार जुना जार विकतच होता. फोटो मूळ जागेवरून गेला होता, पण त्याच्या प्रती मुंबईत, नाशकात, देवाला माहीत कुठे कुठे बसलेल्या होत्या, आणि त्यांना तिनेच सांगून ठेवलं होतं, वर्षभर हलू नका. मग तिला का दिसत नव्हता? कारण ती साइटची ॲडमिन. ॲडमिन म्हणून लॉगिन असलं की पान थेट मूळ जागेवरून येतं, ताजं. अण्णा ॲडमिन. इंद्रजीत ॲडमिन. साइट चालवणाऱ्या तिघांना फोटो नव्हता. उरलेल्या सगळ्या समाजाला होता. आणि त्या तिघांनी मिळून पोरीला डोळे तपासायला सांगितले होते.

स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. लग्नाचे फोटो बदलत नाहीत म्हणे! स्वतः इतकी वर्षं संसार करून, शेजारपाजारच्या भिंतींतून काय काय ऐकून, तरी वर्षाची मुदत घालून कुकर लावायला उठली! आणि पोरगी दारात येऊन सांगत होती तेव्हा मोबाइल बंद करून चालू कर!

तिने इंद्रजीतला फोन केला. साठवलेल्या प्रती पुसायचं बटण त्याच्या खात्यात होतं.

"आंटी, आता नको," तो म्हणाला. "रविवारी मेळावा आहे. प्रती पुसल्या तर साइट परत स्लो होणार. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"एका फोटोच्याच पूस. पासवर्ड दे, मी करते."

"पप्पांना विचारतो."

"इंद्रजीत, पप्पांना कशाला..." आणि तिला ऐकू आलं की आपण नेमकं प्रतीक्षाचं वाक्य बोलतोय.

त्याने विचारलं. अण्णांचा निरोप आला: मेळावा झाला की बघू. वर्षाताईंना सांग, मूळ फोटो काढलाय ना, मग झालं. कुणीकुणी कुठे काय बघतं त्याला मंडळ काय करणार?

तिने प्रतीक्षाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, रंभाबाईच्या फोनपासून स्वतःच्या नियमापर्यंत.

"म्हणजे मला दिसत होतं ते खरं होतं," प्रतीक्षा म्हणाली.

"हो."

"हे ग्रुपवर लिहा."

वर्षाराणीने लिहिलं. काही क्षणांत अण्णांनी ते काढून टाकलं आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं असं करून ठेवलं.

रविवारी हॉल भरला. मागच्या बाजूला बट्टी तळायचा वास, वांग्याच्या भाजीचं पातेलं, साउंडवाल्याची "चेक, चेक". विरारपासून नंदुरबारपर्यंतची माणसं आली होती. स्टेजमागे मोठा पडदा, पडद्याला जोडलेला इंद्रजीतचा लॅपटॉप, आणि लॅपटॉपपाशी वर्षाराणी, कारण नाव पुकारलं की त्या मुलाचं किंवा मुलीचं पान पडद्यावर लावायचं कंटाळवाणं काम कुणाला तरी करायचंच होतं. सत्काराची शाल पांघरून इंद्रजीत पाहुण्यांबरोबर फोटो काढत होता.

लॅपटॉपवर सीडीएनचं पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडं होतं. किती लोकांनी साइट उघडली ते अण्णांना माइकवर सांगायचं होतं, म्हणून इंद्रजीतने तिथे लॉगिन करून ठेवलं होतं. वर्षाराणीने ते सकाळीच बघितलं होतं. बघितलं, आणि हात मागे घेतला होता. दुसऱ्याच्या खात्यात शिरायचं? अण्णा समोरच उभे होते. बन्सी तिसऱ्या रांगेत बसला होता.

दिशाचं नाव पुकारलं. ती निळ्या साडीत स्टेजवर आली, नमस्कार केला, शिक्षण सांगितलं. वर्षाराणीने तिचं पान पडद्यावर लावलं. खाली मात्र माना पडद्याकडे नव्हत्या, मोबाइलकडे होत्या. बोटं सरकत होती. पुढच्या रांगेतली एक बाई, मुलासाठी वापीहून आलेली, प्रतीक्षाच्या आईकडे वळली.

"ही मोठी ना तुमची? फोटोतली? छान जोडी आहे हो. जावई नाही आले?"

प्रतीक्षाची आई पदराशी चाळा करत बसली. तिच्या पलीकडे प्रतीक्षा होती.

"जावई नाहीत," प्रतीक्षा म्हणाली. कमी ऐकू येतं म्हणून तिचा आवाज आता नेहमीच थोडा मोठा लागतो. अर्ध्या हॉलने ऐकलं. "मारायचा मला. मी परत आलेय."

दिशा स्टेजवर मध्येच थांबली. बाईने मोबाइल पुढे केला. "मग हे काय लावलंय? आम्हाला फसवायला?"

"त्यांना विचारा," प्रतीक्षाने स्टेजकडे बोट केलं.

अण्णांनी माइक घेतला. त्यांचा आवाज लग्नातल्या मंगलाष्टकांसारखा स्थिर असतो.

"बंधूभगिनींनो, एक खुलासा करतो. तो फोटो मंडळाने केव्हाच काढलेला आहे. वर्षाताई, ते 'जुळलेल्या गाठी'चं पान लावा बरं."

तिने लावलं. ॲडमिनचं पान, स्वच्छ. वरचा फोटो दुसऱ्याच जोडप्याचा.

"बघा. आहे का? नाही. आता काही जण मुद्दाम जुना फोटो फिरवतात, मंडळाची बदनामी करतात. घरातली भांडणं चव्हाट्यावर आणतात. बहिणीच्या स्थळाची तरी पर्वा करावी माणसाने."

दिशाचा चेहरा स्टेजवरच्या दिव्यात पांढरा पडला होता. प्रतीक्षा उभीच होती, आणि लोक एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. पडदा स्वच्छ होता, म्हणजे खोटी तीच. वर्षाराणीचा हात खांद्याकडे गेला, पदराकडे, आणि तिथे पदर नव्हता, ओढणी होती, आणि ती ओढणी तिने रागाने मागे फेकली.

तिने लॉगआउट केलं. साइट पुन्हा उघडली, जशी सगळ्यांना उघडते तशी.

"अण्णा," ती म्हणाली. माइक नव्हता, पण टँकरवाल्यावर कमावलेला आवाज होता. "मागे बघा."

अण्णांच्या डोक्यावर, पडदाभर, हिरवा शालू. मुंडावळ्या. पसरलेलं हसू. खांद्यावरचा हात अण्णांएवढा.

"हे सगळ्यांना दिसतंय. तुम्हाला, मला आणि इंद्रजीतला सोडून सगळ्यांना. ती खोटं बोलत नव्हती. मी तिला खोटं पाडलं, तुम्ही तिला वेडं पाडलंत. ग्रुपवर लिहिलं होतं मी, ते तुम्ही पुसलंत. तिथलं बरं लगेच पुसता येतं."

"वर्षाताई! बंद करा ते!"

"करते."

तिने दुसरा टॅब उघडला. त्या एका फोटोच्या लहानमोठ्या किती आकारांच्या प्रती तिने करून ठेवल्या होत्या. एकेक शोधून पुसायला वेळ नव्हता. खाली एकच बटण होतं, सगळंच पुसण्याचं. तिने दाबलं. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. तिने पुन्हा दाबलं आणि साइटच्या टॅबवर येऊन पान नव्याने उघडलं.

पडद्यावरचा फोटो गेला. पांढरा चौकोन आला, आणि गरगरणारं चाक.

हॉलभर तेच झालं. माणसं मोबाइल हलवायला लागली, कुणी खिडकीशी जाऊन रेंज बघायला लागलं. इंद्रजीत हातात बट्टीची ताटली घेऊन धावत आला.

"काय केलंत आंटी?"

"पुसलं."

"सगळं?"

"सगळं."

"साइट बंद पडली!" अण्णा ओरडले.

"बंद नाही पडली. हळू झालीय. येईल."

"लोक मुलींचे फोटो बघायला आलेत इथे!"

"मुली समोर बसल्यात, अण्णा. त्यांच्याशी बोला म्हणावं."

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी मोबाइल खिशात टाकला. तिसऱ्या रांगेतून बन्सी उठला. वर्षाराणीला वाटलं, आता हा अण्णांची माफी मागायला जातोय. तो पुढे आला, तिच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि त्या खुर्चीत बसला. एवढंच. तेवढ्यावर तिने त्याला निम्मं माफ केलं.

मेळावा कसाबसा पार पडला. दिशाने आपली माहिती पुन्हा पहिल्यापासून सांगितली. वापीची बाई तिच्याशी बोलली, पण मुलाला तिच्यासमोर आणलं नाही. अण्णा समारोप न करताच निघाले.

वर्षाराणीला वाटलं होतं, प्रतीक्षा येऊन हात धरेल. प्रतीक्षा आली, समोर उभी राहिली.

"काकू, एवढा मोठा करून दाखवायची काय गरज होती?"

वर्षाराणी लॅपटॉप मिटता मिटता थांबली.

"आधी पुसायचा आणि मग सांगायचं. सगळ्यांसमोर, भिंतीएवढा. त्याचा हात बघितलात? मला विचारायचं तरी."

"पुरावा म्हणून..."

"माहीत आहे." तिने एकदा पडद्याकडे बघितलं. "आता खरंच गेला? की परत तुम्हालाच दिसत नाहीये?"

छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, असं वर्षाराणी म्हणाली. ज्यांनी तो आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवला असेल, त्यांचं काही करता येणार नव्हतं, हेही तिने सांगितलं. खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. प्रतीक्षाने मान हलवली आणि आईला घेऊन जेवायला गेली. तीही माणसंच, भूक लागली होती.

संध्याकाळपर्यंत वर्षाराणीला ग्रुपमधून काढलं होतं. साइटचा तिचा पासवर्डही चालेना. म्हणजे आता तीही सगळ्यांसारखीच. ती त्याच टेबलाशी बसून रागाने मेथी निवडत राहिली. अण्णांचा राग, इंद्रजीतच्या शालीचा राग, आणि प्रतीक्षाच्या प्रश्नाचा. तो सगळ्यात जास्त, कारण त्यात प्रतीक्षाचं चुकलेलं काही सापडत नव्हतं.

सकाळी जिन्यात पाटी उतरल्याचा आवाज आला. वर्षाराणी दार उघडून बाहेर गेली तर प्रतीक्षा ड्युटीच्या कपड्यांत वर येत होती.

"तो परक्याचा फोन म्हणाला होतात ना," ती एवढंच म्हणाली.

"रंभाबाई, फोन द्या."

"परत? तुमी नवा घ्या ना एक!" पण पिशवी उघडलीच तिने. मग प्रतीक्षाकडे निरखून बघितलं. "ही तीच ना गं, फोटूतली?"

प्रतीक्षाने फोन घेतला आणि पान उघडलं. चाक फिरलं. बराच वेळ फिरलं. तिघी चाकाकडे बघत उभ्या राहिल्या. मग एकेक फोटो वरून खाली उतरायला लागला, दुसऱ्या कुणाचं कपाळ, दुसऱ्या कुणाचा शालू. प्रतीक्षाने बोटाने पार तळापर्यंत नेलं, पुन्हा वर आणलं, पुन्हा खाली नेलं.

"काय, हाय?" रंभाबाईने विचारलं.

"नाही."

"नाय ना? मग झालं. बोंबील घे. ताजं हाय."